जुन्या हवाना चिरुटांची पारख

पोथ्या, सनदा व ताम्रपट ह्यांच्या चर्चेंत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या वाचकांस ह्या पानांवर चिरुटांचा विषय पाहून विस्मय वाटेल. आम्हांसही तो प्रथम अप्रस्तुतच वाटला. आम्ही धूम्रपान करीत नाहीं, व कोणीं करावें असेंही आमचें मत नाहीं. परंतु गतवर्षीं आमचे एक स्नेही हवाना चिरुटांची एक पेटी घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या घरांतील समजूत अशी कीं, ती त्यांच्या आजोबांनीं १९५७ सालीं विलायतेहून परततांना आणिली. पेटी विकत घेण्यास एक गृहस्थ तयार होते. मात्र ही हकीकत कोणा जाणत्यानें लिहून, खालीं सही करून द्यावी, अशी त्यांची अट होती. ती सही आमची असावी, ही स्नेह्यांची इच्छा. सहीपूर्वीं जें पाहणें अवश्य होतें तें पाहतां पाहतां हा लेख तयार झाला.

अशा कामांत दोन प्रश्नांची गल्लत होते. वस्तु खरी आहे काय, हा एक. आणि तिच्याविषयीं सांगितलें जातें तें खरें आहे काय, हा दुसरा. अस्सल पोथीस मागाहून रचलेली पुष्पिका जोडलेली असते, व अस्सल पुष्पिकेचें पान भलत्याच पोथीस लाविलेलें असतें, हें संग्राहकांस सांगावयास नको. चिरुटांच्या बाबतींत पेटी ही पुष्पिका आणि आंतील माल ही पोथी. पेटीची साक्ष पेटीपुरती.

प्रथम नांव घेऊं. ('चिरूट' हा शब्दच मुळीं तमिळ 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी ह्यापासून आलेला आहे, तो हवानाहून आलेला नाहीं, तिरुचिरापल्लीकडून आला.) पार्तागास, मोंतेक्रिस्तो, रोमेओ इ हुलिएता हीं नांवें पट्ट्यावर दिसलीं कीं माल हवानाचा, असें पुष्कळांस वाटतें. तें बरोबर नाहीं. १५ सप्टेंबर १९६० रोजीं क्यूबाच्या सरकारनें तेथील चिरुटांचे कारखाने ताब्यांत घेतले. जुने मालक देशाबाहेर गेले. आणि पुढें तींच नांवें डोमिनिकन प्रजासत्ताकांत होणाऱ्या मालावरही येऊं लागलीं. त्यापूर्वींही फ्लॉरिडांतील टँपा शहरीं क्यूबाचें पान आणून चिरूट वळीत असत. तेथें पान हवानाचें, हात टँपाचे. अशा मालास खोटा म्हणतां येत नाहीं, पण हवाना चिरूट म्हणून विकला तर फसवणूक ठरते.

दुसरें चिन्ह म्हणजे पेटीच्या कडेवर चिकटविलेली हिरवी हमीपट्टी. स्पेनच्या अंमलांत १८८९ सालीं तिचा आरंभ झाला, १९१२ सालीं क्यूबा प्रजासत्ताकानें कायद्यानें नवी पट्टी काढली, व १९३१ सालीं तिच्या नक्षींत थोडा फेर केला. तीच पुढें १९९९ पर्यंत चालली. त्या सालापासून तिजवर अनुक्रमांक येऊं लागला. आमच्या स्नेह्यांचा सारा भर ह्या पट्टीवर होता. ती जुन्या वळणाची होती खरी. पण जें वळण सुमारें अडुसष्ट वर्षें बदललें नाहीं, तें १९५७ साठीं जितकें अनुकूल तितकेंच १९९७ साठीं. एखाद्या घराण्याची मुद्रा तीन पिढ्या तशीच चालली असतां तिच्यावरून सनदेचा शक ठरविण्यासारखें तें आहे.

कालनिर्णय होतो तो पेटी उलटी केल्यावर. तळाशीं लांकडांत तापल्या ठशानें मजकूर उमटविलेला असतो. (हें लांकूड सीडर म्हणवितें, पण तें आपलें देवदार नव्हे, आपल्या तूण वृक्षाच्या कुळांतलें आहे.) १९६० पूर्वींच्या पेट्यांवर 'हवाना-क्यूबा येथें केलेले' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असे, त्यानंतर त्यांतून 'हवाना' गळून नुसतें 'क्यूबा' राहिलें. १९८५ पासून 'एचो एन कूबा' हे स्पॅनिश शब्द आले, आणि १९८९ पासून त्यांखालीं 'तोताल्मेंते आ मानो', म्हणजे सर्वस्वी हातानें वळलेले, ही ओळ वाढली. क्यूबातबाको ह्या सरकारी संस्थेच्या नांवाची जागा १९९४ पासून हाबानोस ह्या कंपनीच्या नांवानें घेतली.

आमच्यापुढील पेटीच्या तळाशीं क्यूबातबाकोचें नांव होतें, आणि 'तोताल्मेंते आ मानो' ही ओळही स्पष्ट होती. तेवढ्यानेंच ती १९८९ ते १९९४ ह्या अवधींतली ठरली. शेजारीं शाईचा एक पुसट शिक्का होता. त्यांत वरच्या अंगास 'एफ पी जी' हीं अक्षरें व खालीं 'ओ एस एस एन'. पहिलीं तीन हवानांतील पार्तागासच्या कारखान्याची खूण. दुसरीं चार वाचण्यांत आम्हांस जो आनंद झाला तो लपवीत नाहीं. आपल्याकडे कटपयादि पद्धतीनें अक्षरांत संख्या लपवितात, तशीच युक्ति तेथें १९८५ पासून कांहीं वर्षें चालली. 'निवेलाकुसो' ह्या दहा अक्षरी शब्दांत एकही रोमन अक्षर दोनदां येत नाहीं; एन म्हणजे १, आय २, व्ही ३, ई ४, एल ५, ए ६, सी ७, यू ८, एस ९ आणि ओ म्हणजे शून्य. आपल्याकडे असे अंक उजवीकडून डावीकडे मांडतात. येथें सरळ वाचावयाचे, आधीं महिना, मग साल. ओ एस एस एन म्हणजे ०९९१, सप्टेंबर १९९१. पुढें ही युक्ति सोडून महिन्याच्या स्पॅनिश नांवाचीं पहिलीं तीन अक्षरें उघड देण्याचा प्रघात पडला.

आमच्या स्नेह्यांचे आजोबा १९७४ सालीं वारले होते.

कालविसंगति ही अशा परीक्षेंतील सर्वांत बळकट कसोटी होय. अनुकूल चिन्हें दहा मिळालीं तरी खात्री होत नाहीं, कारण दहाही बनवितां येतात. प्रतिकूल एक मिळालें कीं निकाल लागतो. कोहिबा हें नांव १९६६ च्या सुमारास निघालें व सर्वसामान्य विक्रीस १९८२ सालीं आलें. तेव्हां कोणी 'क्रांतीपूर्वींचा कोहिबा' दाखवील तर पेटी उघडण्याचेही श्रम घेऊं नयेत. पट्ट्याच्या कागदासही अतिनील दिव्याखालीं धरून पाहावें. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालावयाचीं चमकद्रव्यें १९५० च्या सुमारास प्रचारांत आलीं. १९३० चा म्हणून दिलेला पट्टा त्या दिव्यांत निळसर चकाकूं लागला, तर तो मागाहूनचा. चकाकला नाहीं तर मात्र कांहींच सिद्ध झालें नाहीं.

आंतील मालाची परीक्षा अधिक कठीण. रिकाम्या जुन्या पेट्या बाजारांत मिळतात, आणि त्यांत नवे चिरूट भरणें हें अशक्य काम नव्हे. म्हणून सर्व चिरुटांचा वर्ण, जाडी व टोकाची घडण एकसारखी आहे काय, पट्टे एकाच छपाईचे आहेत काय, आणि पुष्कळ वर्षें एकमेकांस चेपून राहिल्यामुळें त्यांना किंचित् चौकोनी आकार आला आहे काय, हें पाहावें. पानावरील पांढरी भुकटी ही वार्धक्याची खूण म्हणून सांगतात. ती बहुधा बुरशीच असते. शिवाय हा माल थंड जागीं, शेंकडा पासष्ट ते सत्तर आर्द्रतेंत ठेवावा लागतो. पुण्याच्या साठ उन्हाळ्यांतून एखाद्या ट्रंकेंत राहिलेला चिरूट मऊ व अक्षत असेल, तर तो त्या ट्रंकेंत साठ वर्षें नव्हता. भुंगेऱ्याचीं बारीक छिद्रेंही पाहावीं. तंबाखू पोखरणारा हा भुंगेरा पोथ्यांच्या बांधणींतही सांपडतो, म्हणून कित्येक वाचकांची त्याच्याशीं ओळख असेल. पोथी वाचून पुन्हां बासनांत बांधतां येते. चिरुटाची अखेरची परीक्षा अग्नीनें होते, आणि तींत परीक्षेचा विषयच नाहींसा होतो.

आतां त्या घरच्या हकीकतीविषयीं. आम्ही तारीख सांगितली तेव्हां स्नेही बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. बनावट म्हणावें असें कोणींच कांहीं केलें नव्हतें. पुढें त्यांच्या वृद्ध आत्यांस विचारतां कळलें कीं, आजोबांनीं खरोखरच एक पेटी आणिली होती, व ती त्यांनींच मित्रमंडळींत संपविली. ही दुसरी, बोटीवर नोकरीस असलेल्या धाकट्या काकांनीं १९९२ सालीं आणून आजोबांच्या कपाटांत ठेविली होती. कपाट आजोबांचें, म्हणून पेटीही त्यांची झाली. पेटी अस्सल, आजोबांची हकीकतही खरी. दोहोंचा संबंध तेवढा नव्हता.

आम्ही जें लिहून दिलें त्यांत पेटी हवानाची, सप्टेंबर १९९१ ची व पार्तागासच्या कारखान्यांतील, आणि १९५७ शीं तिचा संबंध नाहीं, इतकेंच होतें. त्या गृहस्थांनीं ती घेतली नाहीं. पेटी अद्याप स्नेह्यांच्या घरींच आहे, आणि आमची चिठ्ठी झांकणाच्या आंत ठेविलेली आहे.