दुसऱ्याच्या आयुष्याची गोष्ट

कलकत्त्याच्या दक्षिण अंगाला बेहाला नावाची जुनी वस्ती आहे. तेथे १९०४ साली एक मूल जन्मास आले. त्याचा एक डोळा जन्मतःच निकामी होता आणि दुसऱ्याची दृष्टी अधू होती. या मुलाने पुढे चित्रकार व्हावे, हे कोणाला खरे वाटणार नाही. परंतु घडले ते असेच. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकून तेथेच शिक्षक झालेले, हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचा मेळावा रंगविणारे विनोदबिहारी मुखर्जी ते हेच. पन्नाशी उलटल्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसली आणि त्यांची उरलीसुरली दृष्टीही गेली. तरीही ते काम करीत राहिले.

त्यांच्या या आयुष्यावर सत्यजित राय यांनी १९७२ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी 'द इनर आय' हा अनुबोधपट केला. राय हे शांतिनिकेतनात त्यांचे विद्यार्थी होते. अनुबोधपट अवघ्या वीस मिनिटांचा. आयुष्य मात्र तोवर अडुसष्ट वर्षांचे झालेले. त्यातले काय ठेवावयाचे आणि काय गाळावयाचे, हे कोणी ठरवावे? ज्याचे आयुष्य आहे तो ते ठरवीत नाही. ज्याच्या हाती संकलनाची कात्री आहे तो ठरवितो. येथे तर आणखी एक गोष्ट होती. ज्याच्यावर हा चित्रपट निघाला, त्याला तो कधीच दिसणार नव्हता.

जिवंत माणसाचे आयुष्य पडद्यावर आणणाऱ्याची नैतिक जबाबदारी ती काय, हा प्रश्न या एका गोष्टीत पुरता सामावलेला आहे. 'आंधळा चित्रकार' एवढे दोनच शब्द प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणावयास पुरेसे आहेत. राय यांनी तो सोपा मार्ग घेतला नाही. त्यांनी अंधत्व लपविले नाही आणि त्याचे भांडवलही केले नाही. त्यांचा कॅमेरा आपल्याला विनोदबिहारींची चित्रे दाखवितो. चिनी मातीच्या फरश्यांचे भित्तिचित्र उभे करणारे आंधळे विनोदबिहारी दाखवितो. निवेदन राय यांचे स्वतःचे, मोजके आणि संयत आहे. पाहून उठताना आपल्या मनात दया उरत नाही. एक मोठा कलावंत भेटल्याची भावना उरते. गाळण्याचा अधिकार हाती असताना शिष्याने गुरूचे काम राखले आणि करुणरसाचा बाजार गाळला.

परंतु हा दाखला त्या मानाने सोपा आहे, हेही मान्य केले पाहिजे. विनोदबिहारी नामवंत होते. आपली गोष्ट आपल्या शब्दांत सांगण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी होते. 'चित्रकार' हे त्यांचे बंगाली पुस्तक १९७९ साली निघालेही. ज्यांच्यापाशी ना नाव, ना लेखणी, त्यांचे काय?

आनंद पटवर्धन यांनी १९८५ साली 'हमारा शहर' हा अनुबोधपट केला. मुंबईच्या पदपथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांची घरे कशी पाडली जातात, हे त्यात दाखविले आहे. त्यात एक स्त्री संतापून चित्रपट घेणाऱ्यांनाच जाब विचारते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमावणार; त्यातून आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा रोख आहे. हा प्रसंग कापून टाकणे अगदी सोपे होते. पटवर्धनांनी तो राखला. त्या बाईच्या प्रश्नाला त्यांच्यापाशी पुरते उत्तर होते म्हणून नव्हे. प्रश्न खरा होता म्हणून तो राहिला, असे मला वाटते.

आता पुन्हा कलकत्त्यास जाऊ. त्याच शहराच्या उत्तर भागात सोनागाछी ही वेश्यावस्ती आहे. तेथील मुलांच्या हाती कॅमेरे देऊन त्यांना छायाचित्रण शिकविण्याच्या प्रयोगावर 'बॉर्न इंटू ब्रॉथेल्स' हा अनुबोधपट २००४ साली निघाला आणि पुढच्याच वर्षी त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. मुलांविषयीचा जिव्हाळा त्यात पदोपदी जाणवतो. तरीही सोनागाछीतील स्त्रियांच्या 'दुर्बार' या संघटनेने त्याला आक्षेप घेतला. आपल्या मुलांसाठी आया स्वतः ज्या खटपटी करतात, त्यांना चित्रपटात जागाच मिळाली नाही, असे या स्त्रियांचे म्हणणे होते. हेतू चांगला असूनही कोणावर तरी अन्याय होतो, तो असा. उद्धार करणारा बाहेरून आला, एवढीच गोष्ट ठसते आणि घरातली माणसे निष्क्रिय किंवा निष्ठुर ठरतात. शिवाय मूल मोठे होते. चित्रफितीतले त्याचे वय मात्र वाढत नाही. बाराव्या वर्षी दिलेला होकार तिसाव्या वर्षी त्याला मान्य असेलच, असे कोणी सांगावे?

म्हणून कागदावर सही घेतली की जबाबदारी संपली, असे मानता येत नाही. सही घेताना माणसाला फार तर आपल्यासमोरचा कॅमेरा दिसतो. आपल्या बोलण्याच्या मागेपुढे काय जोडले जाईल, ते त्या सहीत कोठे असते? तेव्हा चित्रपट पुरा होण्यापूर्वी तो त्या माणसाला दाखवावा. ज्याने त्याच्या अन्नाला, आसऱ्याला किंवा अब्रूला धोका पोहोचेल ते कितीही परिणामकारक असले तरी गाळावे. त्याचा आपल्याविरुद्धचा आक्षेप मात्र गाळू नये. आणि त्याने जे सोसले त्याच्या जोडीला त्याने जे केले तेही दाखवावे.

चित्रपट विनोदबिहारींना दिसू शकत नव्हता, ही गोष्ट वरवर अपवादात्मक वाटते. विचार केला तर सगळ्यांची स्थिती थोड्याफार फरकाने तीच आहे. दूरच्या शहरात, अंधाऱ्या चित्रगृहात, अनोळखी माणसे आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे पडद्यावरच्या कोणालाच कधी दिसत नाही. बेहालाच्या त्या अंध चित्रकाराने विश्वासाने आपला चेहरा शिष्याच्या स्वाधीन केला. कॅमेऱ्यासमोर बसणारा प्रत्येक जण तेच करीत असतो. आणि तो विश्वास राखणे हे कॅमेऱ्यामागे उभा राहणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.