लिनक्सवरील चित्रमय पटल आणि मराठी लेखन

डेबियन या लिनक्स वितरणाची किमान स्वरूपात स्थापना केली असता पडद्यावर आज्ञेची वाट पाहणारी एक ओळ तेवढी दिसते. इंग्रजीपुरते काम तेवढ्यावर भागते. मराठीचे भागत नाही. या अक्षरपटावर फार तर ५१२ चिन्हाकृतींना वाव असतो, आणि प्रत्येक चिन्ह आपापल्या चौकटीत सुटे उमटते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनामागे नेणे किंवा जोडाक्षर घडविणे त्यास साधत नाही. म्हणून मराठी संहितांच्या अभ्यासकास चित्रमय पटल ही चैन नसून गरज होय.

या पटलाचे थर ध्यानी घ्यावयास हवेत. तळाशी पडदा, कळफलक व माऊस सांभाळणारी एक्स यंत्रणा असते. तिचा आरंभ १९८४ साली एमआयटीत झाला. तीवर खिडक्यांची मांडणी करणारा व्यवस्थापक, आणि त्याहीवर पट्टी, धारिका व मांडण्या पाहणारे संपूर्ण पटल. केडीई (१९९६) व ग्नोम (१९९७) ही अशी पटले होत. २००८ साली सुरू झालेल्या वेलँडमध्ये पहिले दोन थर एकत्र येतात.

जुन्या संगणकास एक्सएफसीई हे हलके पटल मानवते. प्रशासकाच्या अधिकाराने 'टास्कसेल' ही आज्ञा द्यावी व यादीतून ते निवडावे. त्याबरोबर 'लाइटडीएम' हा प्रवेशव्यवस्थापकही येतो. संगणक पुन्हा सुरू करताच प्रवेशाची चौकट दिसते. ती न दिसल्यास कंट्रोल, ऑल्ट व एफ२ या कळा एकत्र दाबून अक्षरपटावर परतता येते. केलेले काम वाया जात नाही.

पटल आले म्हणजे मराठी आली, असे मात्र नव्हे. लोहित किंवा नोटो यांचा देवनागरी टंक स्वतंत्रपणे बसवावा. लेखनासाठी आयबस व त्याचा एम१७एन हा जोडभाग घ्यावा, 'आयएम-कॉन्फिग'ने आयबसची निवड करावी आणि पुन्हा प्रवेश करून इनस्क्रिप्ट कळमांडणी जोडावी.

शेवटी 'आचार्यास' व 'आचाऱ्यास' हे दोन शब्द लिहून पाहावेत. पहिल्यात गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. पहिल्यातील रफार व दुसऱ्यातील अर्धा रकार युनिकोडमध्ये निरनिराळ्या संकेतांनी लिहिले जातात. दोन्ही शब्द पडद्यावर यथास्थित उमटले, तरच मांडणी पुरी झाली असे समजावे.