बिननावाचे वादळ (लेखांक सातवा)

उष्ण समुद्रावरून वर चढणाऱ्या बाष्पाचे पाणी होताना जी उष्णता मोकळी होते तिच्यावरच चक्रीवादळाचा सारा संसार कसा चालतो, हे गेल्या आठवड्यात आपण पाहिले. आणि आज, ठरल्याप्रमाणे, आजवर नोंदल्या गेलेल्या अतिप्रबळ वादळांची, व त्यांचे बळ कोणत्या मापाने मोजतात याची, ओळख करून घ्यावयाची आहे. या लेखांकाचा आरंभ पॅसिफिक महासागरात करावा असा माझा बेत होता. परंतु मोडनिंबच्या एस. टी. स्टँडासमोर चहा घेत असता एका डाळिंबवाल्या बागाइतदाराने जो प्रश्न केला त्याने तो बेत बदलला. "मास्तर, आमची बाग बुडवली त्या वादळाचं नाव काय हो?" असे त्याने विचारले. तो बोलत होता १४ ऑक्टोबर २०२० च्या पावसाविषयी. त्याला नाव नव्हते, असे मी सांगताच तो कप खाली ठेवून म्हणाला, "येवढं समदं वाटोळं केलं, आन् नावच न्हाई?"

उत्तर द्यावयाचे तर भारतीय हवामान खात्याची उतरंड सांगणे प्राप्त आहे. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरांच्या आत असेल तोवर ते नुसते कमी दाबाचे क्षेत्र. ३१ ते ४९ पर्यंत अवदाब, ज्याला खात्याच्या बोलीत डिप्रेशन म्हणतात. ५० ते ६१ पर्यंत तीव्र अवदाब. आणि ६२ ची वेस ओलांडली म्हणजे मग चक्रीवादळ, व तेव्हाच त्याचे बारसे. त्यापुढे ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र, १६८ च्या सुमारास आणखी एक पायरी, आणि २२२ वर महाचक्रीवादळ. बंगालच्या उपसागरात उद्भवून १३ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी काकिनाड्याजवळ किनारा ओलांडणारी ती प्रणाली तीव्र अवदाबाच्या वर्गात होती. म्हणजे नाव मिळण्याच्या उंबरठ्याशी येऊन ती राहिली. तेथून तेलंगण व उत्तर कर्नाटक तुडवीत, सुमारे सातशे किलोमीटरांची मजल करून, ती दुसऱ्या दिवशी आमच्या सोलापूर जिल्ह्यावर आली तेव्हा तर तिचा दर्जा आणखी उतरला होता. जमिनीवर आलेल्या वादळाची बाष्पाची रसद तुटते आणि ते विझत जाते, हा सामान्य नियम; पण ही प्रणाली इतकी चिवट निघाली की दख्खनचे पठार ओलांडून ती अरबी समुद्रात उतरली आणि तेथे १७ तारखेस पुन्हा अवदाब म्हणून तिची खात्याच्या दफ्तरी नोंद झाली. मध्यंतरी पंढरपुरात कुंभार घाटावरील भिंत कोसळून सहा माणसे दगावली, भीमा पात्र सोडून चालली, आणि माढा, मोहोळ, पंढरपूर या तालुक्यांतील उभी पिके पाण्याखाली गेली. या साऱ्याचा जनक मात्र दफ्तरात बिननावाचाच राहिला.

आता प्रबळ म्हणजे काय? वादळाचे बळ सांगण्याच्या दोन मुख्य रीती आहेत: एक त्याच्या मध्यावरील हवेच्या दाबाची आणि दुसरी त्याच्या वाऱ्याच्या वेगाची. पैकी पहिली अधिक विश्वासार्ह, आणि, माझ्या मते, अधिक सुंदर. समुद्रसपाटीला हवेचा दाब सरासरी १०१३ हेक्टोपास्कल असतो. मिलिबार म्हणत होते तेच हे माप. नाव तेवढे बदलले. वादळाच्या मध्यभागी वर जाणाऱ्या व उष्ण झालेल्या हवेमुळे खालचा भार हलका होतो, आणि तो जितका हलका तितकी भोवतालची हवा आत ओढली जाण्याची निकड मोठी. १२ ऑक्टोबर १९७९ रोजी पश्चिम पॅसिफिकमधील 'टिप' नामक टायफूनच्या डोळ्यात अमेरिकन विमानाने सोडलेल्या उपकरणाने ८७० हेक्टोपास्कल एवढा दाब नोंदवला. समुद्रसपाटीवर याहून कमी दाब आजतागायत कोठेही मोजला गेलेला नाही.

पण ८७० हा आकडा नुसता वाचून मनाला काही बोध होत नाही. यासाठी आपल्याच मुलखातील दाखला घेऊ. आपण जसजसे उंच चढतो तसतसा डोक्यावरील हवेचा थर कमी होतो व दाब उतरतो. मोडनिंब हे समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर; येथे वायुभारमापक टांगला तर कोणत्याही निरभ्र, निवांत दिवशी तो साधारणपणे ९५५ च्या आसपास आकडा दाखवील. हा आकडा समुद्रावरच्या एखाद्या जहाजाला दिसला तर त्याचा कप्तान देवाचे नाव घेईल, आणि आमच्याकडे मात्र त्यापायी कोणी बैल जुंपायचे थांबणार नाही. म्हणूनच वेधशाळा आपल्या प्रत्येक नोंदीतून उंचीचा हा हिस्सा हिशेबाने काढून तिला समुद्रसपाटीवर आणतात व मगच तुलना करतात. आता आणखी वर, महाबळेश्वरी जा. तेथील सुमारे तेराशे सत्तर मीटर उंचीवर नित्याचा दाब जो असतो त्याच्या अगदी निकट हा ८७० चा आकडा येतो. टिपच्या पोटात, थेट समुद्राच्या लाटांवर, महाबळेश्वरच्या माथ्यावरची विरळ हवा येऊन बसली होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. या टिपचा पसाराही तसाच अचाट होता. त्याच्या झंझावाताचा व्यास सुमारे २२०० किलोमीटर भरला.

दाबाच्या तराजूत टिप पहिला खरा, पण वाऱ्याच्या तराजूत त्याचा क्रम ढळतो. २३ ऑक्टोबर २०१५ रोजी मेक्सिकोच्या पश्चिमेस 'पॅट्रिशिया' या हरिकेनमध्ये दाब ८७२ वर आला, म्हणजे टिपहून दोन हेक्टोपास्कलांनी अधिकच. तथापि तिचा वारा ताशी ३४५ किलोमीटरांवर गेला, आणि टिपचा वारा याच्या बराच खाली होता. वाऱ्याचा जोर नुसत्या दाबाच्या खोलीवर नसून ती खोली किती थोड्या अंतरात उतरते यावर असतो. टिप म्हणजे पसरट, विस्तीर्ण खोरे. पॅट्रिशिया म्हणजे अरुंद विहीर. दोहींची खोली सारखी असली तरी काठावरून पाय घसरला असता कोठे अधिक वेगाने पडू, हे विहिरी असलेल्या प्रांतातील वाचकास सांगावयास नको.

वारा मोजणे हे दिसते तितके सोपे काम नाही. ब्रिटिश आरमारातील फ्रान्सिस बोफर्ट याने १८०५ च्या सुमारास जहाजाच्या शिडांवरून वाऱ्याच्या पायऱ्या लावल्या; त्या पुढे शून्य ते बारा अशा रूढ झाल्या. पण बाराव्या पायरीचा आरंभ ताशी ११८ किलोमीटरांच्या सुमारास होत असल्याने जगातील सारी मातब्बर वादळे त्या एकाच पायरीवर दाटीवाटीने उभी राहतात. ही अडचण ओळखून १९७० च्या आसपास अमेरिकेत हर्बर्ट सॅफिर व रॉबर्ट सिम्पसन या दोघांनी पाच वर्गांचे नवे माप घडविले, ज्याचा पाचवा वर्ग ताशी २५२ किलोमीटरांपासून सुरू होतो. यांतला सॅफिर हा स्थापत्य अभियंता होता, आणि वाऱ्याने घरांचे काय होते हा त्याचा मूळ प्रश्न होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. छपरे, भिंती, खांब यांसाठी केलेले ते माप आहे. डाळिंबाच्या बागेसाठी नव्हे.

त्यात पुन्हा सरासरीचा घोळ. वारा क्षणोक्षणी कमीजास्त होतो, म्हणून काही काळाची सरासरी घ्यावी लागते. अमेरिकन लोक एका मिनिटाची घेतात, आपले खाते तीन मिनिटांची, आणि जपानसह बहुतेक जग दहा मिनिटांची. काळ जितका थोडका तितका आकडा फुगतो. २०१३ च्या नोव्हेंबरात फिलिपाईन्सवर आदळून सहा हजारांहून अधिक बळी घेणाऱ्या 'हैयान'ला अमेरिकन संस्थेने ताशी ३१५ किलोमीटर दिले, तर जपानच्या खात्याने २३०. या तफावतीतला थोडा भाग सरासरीच्या काळाचा आणि उरलेला अनुमानाचा. कारण पॅसिफिकच्या त्या भागात वादळात विमाने धाडण्याची नित्याची प्रथा १९८७ साली बंद पडली, आणि तेव्हापासून तेथील बहुतेक आकडे उपग्रहाच्या चित्रांवरून बांधलेले आहेत. ढगांची गुंडाळी किती घट्ट, डोळा किती स्वच्छ, त्याच्या कडेचे ढग किती थंड, यांवरून एक ते आठ गुण देण्याची ही पद्धत व्हर्नन ड्वोरॅक याने १९७० नंतरच्या दशकात बसविली, आणि आपले खातेही तीच वापरते. नाडीपरीक्षेसारखीच ही विद्या; जाणत्याच्या हातात ती बहुधा खरी ठरते, पण ती नाडी आहे, शस्त्रक्रिया नव्हे.

प्रत्यक्ष मोजलेले आकडे विरळा मिळतात, कारण वारा मोजणारे यंत्र नेमक्या त्या घटकेला मोडून पडण्याचा संभव असतो. १० एप्रिल १९९६ रोजी ऑस्ट्रेलियाजवळच्या बॅरो बेटावर 'ऑलिव्हिया' वादळाचा एक झोत ताशी ४०८ किलोमीटरांचा नोंदला गेला. यंत्र शाबूत राहिले. पण या नोंदीची तसदीक होऊन जागतिक हवामान संघटनेने तिला उच्चांक म्हणून मान्यता दिली ती २०१० साली. चौदा वर्षे तो जागतिक विक्रम कागदांत निजून होता. याच्या उलट प्रकारही आहे आणि तो आपल्या मुंबईचा आहे. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर महाभयंकर वादळ येऊन एक लाख माणसे मेली, अशी हकीकत अनेक याद्यांतून बिनदिक्कत छापली जाते. परंतु कोलंबिया विद्यापीठाचे अॅडम सोबेल व त्यांचे सहकारी, ज्यांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संशोधकही होते, यांनी पाहणी केली तेव्हा असे वादळ झाल्याचा काहीच पुरावा निघाला नाही. एक लाख मुडदे शहरात पडावेत आणि त्याची वार्ता त्या काळच्या वर्तमानपत्रांस नसावी, ही गोष्ट संशय घेण्यास पुरेशी होती. मुंबईवर खरे वादळ आले ते नोव्हेंबर १९४८ मध्ये. त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही.

आपल्या दोन समुद्रांत सर्वांत प्रबळ म्हणून मान देण्याजोगे वादळ २९ ऑक्टोबर १९९९ चे. पारादीपजवळ ते ओडिशाच्या किनाऱ्यावर चढले, त्याचा दाब ९१२ वर उतरला होता व वारा ताशी २६० किलोमीटरांचा होता. अरबी समुद्रातले पहिले महाचक्रीवादळ 'गोनू', २००७ सालचे. दुसरे 'क्यार', २०१९ चे. २०२० च्या मे महिन्यातील 'अम्फान' भर समुद्रात २४० वर पोहोचले, पण बंगालच्या किनाऱ्यास लागेतो बरेच मंदावले. त्याच वर्षी ३ जूनला श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यात उतरलेल्या 'निसर्ग'चा वारा ११० ते १२० च्या घरातला होता. जागतिक यादीत त्याला कोणी दाराशीही उभे करणार नाही; श्रीवर्धनच्या नारळी-पोफळींच्या वाड्यांत मात्र पिढ्यांची झाडे आडवी झाली.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० चा वारा भिंतीच्या एका चौरस मीटरला जितके रेटतो त्याच्या सोळापट २४० चा वारा रेटतो. या हिशेबाने २०२० चे ऑक्टोबरातले आमचे वादळ अम्फानच्या सोळाव्या हिश्श्यालाही पुरे पडत नाही, आणि घरांचाच प्रश्न असता तर हा हिशेब बिनचूक मानला असता. पण पाण्याचा हिशेब निराळा. एका एकरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडणे म्हणजे चार लाख लिटर पाणी पडणे. दुष्काळात आमच्या गावोगाव येणाऱ्या दहा हजार लिटरांच्या टँकरांच्या चाळीस खेपा एका एकरात, त्याही एका रात्रीत. हे पाणी वाऱ्याच्या वेगावर अवलंबून नसते. प्रणाली किती सावकाश सरकते, तिच्यात बाष्प किती आहे, आणि खालची जमीन आधीच्या पावसाने किती तृप्त आहे, यांवर त्याने होणारी नासाडी ठरते. आणि वादळांच्या प्रचलित पायऱ्यांत यांतल्या एकाही गोष्टीला जागा नाही. हा त्या मापांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. पण तोळ्याने धान्य मोजू नये, एवढे तर खरे.

गंमत अशी की, ज्या मापात त्या बागाइतदाराची हानी खरोखर बसली ते शास्त्रज्ञांचे नसून महसुलाचे आहे. एका महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी ठरते, तलाठी पंचनाम्यास निघतो, आणि तेहेतीस टक्क्यांहून अधिक नुकसान असल्यास मदतीची तजवीज होते. पंचनाम्यात वादळाच्या नावाचा रकानाच नाही. आता बहुतेक मंडळांत पाऊस मोजणारे 'महावेध' या सरकारी प्रकल्पाचे स्वयंचलित हवामान केंद्र आहे. तथापि एका मंडळात अनेक गावे येतात, आणि ढग गावाची शीव पाहून बरसत नाही. केंद्रावर ६० आणि दोन कोसांवरच्या रानात १३० पडला, तर रान खोटे आणि केंद्र खरे ठरते.

पुढील लेखांकात 'वादळाचा डोळा' या विषयास हात घालावयाचा आहे. तोपर्यंत एक विनंती. मोडनिंब, आष्टी, टेंभुर्णी, कुर्डुवाडी या टापूत ज्यांच्या वस्तीवर स्वतःचा पर्जन्यमापक असेल, आणि ज्यांनी १३ व १४ ऑक्टोबर २०२० चे आकडे वहीत, दिनदर्शिकेवर अथवा गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने का होईना, लिहून ठेवले असतील, त्यांनी ते, वेळेच्या नोंदीसह, या लेखमालेकडे अवश्य पाठवावेत.