फिशटँकमध्ये अचानक किडा दिसला? मारण्याआधी तो कोण आहे हे ओळखा

2009 मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यात, न्यूक्वे इथल्या ब्लू रीफ ॲक्वेरियममध्ये एक विचित्र प्रकार सुरू होता. एका टाकीतले प्रवाळ रात्रीतून तुटत होते, माशांना जखमा होत होत्या. कर्मचाऱ्यांनी आमिष लावून सापळे ठेवले, सकाळी सापळेच मोडलेले सापडले. शेवटी सगळे दगड एकेक करून बाहेर काढावे लागले. आत निघाला सुमारे चार फुटांचा एक किडा. त्याचं नाव ठेवलं बॅरी, आणि त्याला वेगळ्या टाकीत हलवलं.

ही बातमी आजही सोशल मीडियावर फिरत असते. तिचा एक तोटा असा झाला की खाऱ्या पाण्याच्या टाकीत काहीही वळवळताना दिसलं की लोकांना बॅरीच आठवतो. मग घाईघाईत औषध ओतलं जातं किंवा अख्खी टाकी रिकामी केली जाते. प्रत्यक्षात टाकीत दिसणारे बहुतेक किडे निरुपद्रवी असतात, बरेचसे तर कामाचे असतात.

हे येतात कुठून?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत 'लाइव्ह रॉक' ठेवतात, म्हणजे मेलेल्या प्रवाळाच्या सांगाड्यापासून बनलेला सच्छिद्र दगड. त्यातले जिवाणू पाणी स्वच्छ ठेवतात. पण त्याच छिद्रांमध्ये अंडी आणि पिल्लंही लपलेली असतात. नवीन प्रवाळाच्या तुकड्याच्या बुडाशी चिकटूनही किडे घरात शिरतात. दिवसा ते दडून बसतात, म्हणून कित्येक महिने पत्ता लागत नाही.

सगळ्यात जास्त बदनाम झालेला

रात्री दिवा बंद केल्यावर गुलाबी किंवा तपकिरी, गोमेसारखा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके असलेला प्राणी दिसला तर तो बहुधा ब्रिसल वर्म. हा आपल्या गांडुळाचा समुद्रातला भाऊबंद. उरलेलं खाणं, विष्ठा, कुजलेलं मांस खाणं हे त्याचं काम. मासा मेला की हे किडे त्याच्याभोवती गोळा होतात आणि सकाळी मालकाला वाटतं की यांनीच मारला. सफाई कामगारावर खुनाचा आरोप, असा हा प्रकार! त्यांची संख्या फार वाढली असेल तर बहुतेक वेळा चूक खाणं टाकणाऱ्या हाताची असते. खाणं कमी केलं की तेही कमी होतात.

मात्र त्याला उघड्या हाताने धरू नका. सुरवंट अंगाला लागल्यावर जसे केस टोचतात, तसंच इथे होतं. केस टोचलेच तर चिकटपट्टी लावून ओढून काढतात.

याच कुळातला फायर वर्म मात्र खरा त्रासदायक. अटलांटिक आणि भूमध्य समुद्रात आढळणारी त्याची जात जिवंत प्रवाळ खाते. पांढऱ्या केसांशेजारी लालसर कल्ल्यांचे झुपके आणि डोक्यावर मांसल तुरा ही त्याची खूण.

मग बॅरी कसा ओळखायचा?

त्याच्या कुळाची खूण म्हणजे डोक्यावर पाच स्पर्शिका आणि इंद्रधनुष्यासारखं चमकणारं अंग. याच्या सगळ्यात प्रसिद्ध जातीला 'बॉबिट वर्म' म्हणतात. तो अंग वाळूत पुरून बसतो आणि मासा जवळ आला की जबड्यात पकडून खाली खेचतो. जपानमध्ये शिराहामा इथे मासेमारीच्या तराफ्यात 2009 मध्ये सापडलेला असा एक किडा 299 सेंटीमीटर लांब होता. पण पाच स्पर्शिका दिसल्या म्हणजे लगेच घाबरायचं कारण नाही. या कुळातले बरेच लहान किडे शेवाळ आणि गाळावर जगतात. प्रवाळ तुटतोय का, मासे गायब होतायत का, हे आधी बघा. काढायचा असेल तर तो ज्या दगडात आहे तो दगडच बाहेर काढा. किडा अर्धवट तोडू नका, काही जातींमध्ये उरलेला भाग पुन्हा वाढतो.

काचेवर चिकटलेल्या इवल्याशा पांढऱ्या गोल वेटोळ्या किंवा दगडातून बाहेर पसरलेल्या शेवयांसारख्या दोऱ्या दिसल्या तर निश्चिंत राहा. तेही किडेच, पण पाण्यातले कण खाणारे.

खरा धोका छोटा आणि चपटा

काही मिलिमीटरचे, गंजाच्या रंगाचे चपटे किडे काचेवर डागांसारखे दिसतात आणि झपाट्याने वाढतात. इथे औषधाची घाई सगळ्यात महागात पडते, कारण हजारो किडे एकदम मेले की त्यांच्या शरीरातलं विष पाण्यात उतरतं आणि मासेही दगावू शकतात. म्हणून आधी नळीने शक्य तितके ओढून काढायचे, मगच औषध द्यायचं. सोबत ॲक्टिव्हेटेड कार्बन लावायचा आणि पाणी बदलायचं.

ओळख पटवायला लाल प्रकाशाची टॉर्च बरी, तिला हे किडे कमी बिचकतात. रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभराने डोकं, केस आणि स्पर्शिका स्पष्ट दिसतील असा फोटो घ्या. नुसतं 'लांब आणि तपकिरी' एवढ्यावरून जाणकारालाही काही सांगता येत नाही.

भारतातल्या हौशी लोकांसाठी आणखी एक गोष्ट. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये दगडी प्रवाळांचा समावेश आहे, त्यामुळे समुद्रातून प्रवाळ काढून आणणं किंवा विकणं गुन्हा ठरतो. कोरडा, कृत्रिम दगड वापरला तर हा प्रश्न येत नाही आणि त्यातून किडेही येत नाहीत. फक्त त्यावर जिवाणू रुजायला काही आठवडे थांबावं लागतं.