संशोधनाचे वजन कोणत्या तराजूत?

सोनाराच्या तराजूत सोने तोलता येते. परंतु शास्त्रज्ञाच्या आयुष्यभराच्या संशोधनाचे वजन कशात करावे? विद्यापीठांतील नेमणुका, बढत्या आणि अनुदाने यांचा निर्णय हल्ली पुष्कळदा दोन आकड्यांवर होतो. संशोधकाने किती शोधनिबंध प्रसिद्ध केले हा एक, आणि त्या निबंधांचा इतरांनी आपल्या लेखनात किती वेळा उल्लेख केला हा दुसरा. या आकड्यांची किंमत कितपत धरावी, हे एका सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाच्या उदाहरणावरून चांगले ध्यानात येते.

उल्लेख मोजण्याची कल्पना मूळची वकिलांची. पूर्वीचा निवाडा पुढील कोणत्या खटल्यांत आधारास घेतला गेला, हे दाखविणारे कोश अमेरिकेत 1873 पासून निघत आले. त्याच धर्तीवर युजीन गारफील्ड यांनी 1964 साली विज्ञानातील उल्लेखांचा कोश बाजारात आणला. गारफील्ड हे स्वतः रसायनशास्त्राचे पदवीधर. एखाद्या निबंधाचा धागा पुढे कोणी उचलला, हे संशोधकास सापडावे एवढाच या कोशाचा मूळ हेतू होता. वाट दाखविण्यासाठी लावलेल्या या दिव्याचा पुढे माणसे तोलण्याचा काटा झाला. 2005 मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच’ निर्देशांक सुचविला. ज्याच्या चाळीस निबंधांचा प्रत्येकी निदान चाळीस वेळा उल्लेख झाला आहे, पण एक्केचाळीस निबंधांबाबत तसे म्हणता येत नाही, त्याचा निर्देशांक चाळीस. हिशेब सोपा, म्हणूनच तो लोकप्रिय झाला.

आता डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन यांचे उदाहरण घ्यावे. मँचेस्टर येथे रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली संशोधन करून ते लाहोरास अध्यापक झाले. अनेक फुलापानांत आढळणाऱ्या फ्लेव्होन वर्गातील द्रव्यांची रचना प्रयोगशाळेत साधण्याचा त्यांचा प्रयत्न होता. एका विशिष्ट एस्टरवर अल्काची क्रिया केली असता, ऑक्सिजनला जडलेला अणुगट तेथून सुटून शेजारच्या कार्बनला जाऊन चिकटतो. या नव्या रेणूवर आम्लाची क्रिया केली की वलय पुरे होऊन फ्लेव्होन हाती येते. हे संशोधन त्यांनी आपले सहकारी महाल यांच्यासह 1933 व 1934 साली प्रसिद्ध केले. इंग्लंडात विल्सन बेकर यांनाही स्वतंत्रपणे तीच क्रिया आढळली होती. म्हणून ती बेकर–वेंकटरामन पुनर्रचना या नावाने ओळखली जाते.

येथेच मोजणाराची पंचाईत होते. हा निबंध निघाला तेव्हा उल्लेख टिपून ठेवणारा कोश नव्हता. तो निघावयास आणखी तीस वर्षे जायची होती. शिवाय एखादी क्रिया शोधकाच्या नावानेच रूढ झाली, म्हणजे तिचा मूळ निबंध उद्धृत करण्याची गरजच लेखकांस वाटेनाशी होते. नाव घेतले की काम भागते. ज्ञान सर्वांच्या अंगवळणी पडले की उल्लेख पुसला जातो, ही गोष्ट समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिली आहे. म्हणजे कीर्ती पूर्णत्वास पोहोचली की आकडा वाढेनासा होतो!

याच्या उलट प्रकारही आहे. क्लार्क स्टिल, मायकेल कान आणि अभिजित मित्रा यांनी 1978 साली मिश्रणातील द्रव्ये स्तंभातून दाबाच्या साहाय्याने झटपट अलग करण्याची रीत अवघ्या तीन पानांत वर्णिली. त्या निबंधात नवा सिद्धांत नाही. परंतु प्रत्येक प्रयोगशाळेस रोज लागणारी सोय आहे, म्हणून त्याचे उल्लेख हजारोंनी झाले. उपयोगीपणाचे हे माप रास्तच होय. पण त्यावरून बुद्धीच्या झेपेचे माप निघत नाही.

वेंकटरामन यांचे उरलेले कार्य तर कोणत्याच निर्देशांकात मावत नाही. 1938 साली त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाची सूत्रे हाती घेतली. 1957 मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांवरील त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड 1952 साली निघाले, आणि ती मालिका पुढे आठ खंडांपर्यंत गेली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी प्रयोगशाळांत आणि रंगांच्या कारखान्यांत विखुरले. कारखान्यात सुधारलेली कृती कोणत्याही निबंधाच्या तळटीपेत येत नाही.

आकडे खोटे नसतात, पण ते अपुरे असतात. चुकीचा निबंध खोडून काढण्यासाठी केलेला उल्लेखही बेरजेत जमाच होतो. स्वतःच स्वतःचा केलेला उल्लेखही तसाच. ज्या शाखेत संशोधक थोडे, तेथे उल्लेखही थोडे. म्हणूनच 2012 साली सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या जाहीरनाम्याने, नियतकालिकाच्या प्रभावांकावरून संशोधकाची पारख न करता कामाचा गुण पाहावा, असे आवाहन केले. तरुण संशोधकाची नेमणूक ठरविणाऱ्या समितीने आकडे अवश्य पाहावेत. मात्र निकाल देण्यापूर्वी त्याचे दोन निबंध वाचण्याचे कष्टही घ्यावेत. ते कष्ट वाचविले, तर उद्याचा वेंकटरामन अर्जांच्या ढिगाऱ्यातच राहून जावयाचा.