काचेचें सोवळें

बांद्यांतील एखाद्या घरांतून परदेशीं असलेल्या मुलाशीं बोलणें होतें, तेव्हां तें बोलणें बहुतेक वाट प्रकाशाच्या रूपानें, केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंतून चालून जातें, हें आतां वाचकांस नवें नाहीं. या काचेचें सोवळें मात्र फार कडक! आपल्याच जिल्ह्यांत कासार्ड्यास काचेजोगी वाळू निघते. पण ती येथें चालत नाहीं. शुद्ध रसायनाच्या वाफेपासूनच ही काच घडवावी लागते, कारण लोखंडाचा लेशहि प्रकाश गिळून टाकतो. दोष काचेचा नसून तींतील मळाचा आहे, हें चार्ल्स काओ यांनीं १९६६ सालीं दाखविलें. त्याबद्दल २००९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

गंमत अशी कीं, इतकें सोवळें साधल्यावर शास्त्रज्ञांनीं तें बुद्ध्याच मोडलें. उत्तम तंतूंतहि सुमारें १५ किलोमीटरांवर, म्हणजे बांद्याहून सावंतवाडी ओलांडून थोडें पुढें जातां जातां, प्रकाश निम्मा होतो. १०० किलोमीटरांवर शंभरांत एक भाग उरतो. पूर्वीं ठिकठिकाणीं त्याची वीज करून, ती वाढवून, पुन्हां प्रकाश करावा लागे. १९८७ सालीं साउदॅम्प्टन विद्यापीठांत डेव्हिड पेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं काचेंत एर्बियम धातूचें विरजण घातलें. विरजणच म्हणावयाचें, इतकें तें थोडें! दुसऱ्या एका लेसरचा प्रकाश हे अणु पिऊन बसतात आणि थकलेला संदेश जवळून जातांच तो त्याच्याच तालांत परत देतात. समुद्राखालून मुंबईस येणाऱ्या तारा याच युक्तीवर चालतात.

पुढचें पाऊल याहून धीट. २००६ सालीं साउदॅम्प्टन व अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठांतील मंडळींनीं तंतूच्या लांबीभर असलेल्या सूक्ष्म छिद्रांत अतिशय दाबाखालीं वायु भरला व तो तापवून आंत सिलिकॉन आणि जर्मेनियम जमविलें. संगणकाचें काळीज ज्या जातीच्या द्रव्यांचें, तीं तंतूच्याच पोटांत! प्रकाश बाहेर न काढतां त्याला आंतल्या आंत राबवावें, ही त्यामागची आशा. तूर्त ती बव्हंशीं प्रयोगशाळेंतच आहे.

रुग्णाच्या उपयोगाची एक गोष्ट मात्र हातीं आली आहे. कार्बन डायऑक्साइड लेसरनें मांस नाजूकपणें कापतां येतें व रक्तहि फार वाहत नाहीं; पण त्याचा प्रकाश साध्या काचेंत शिरतांच शोषला जातो. म्हणून शस्त्रवैद्यास तो आरशांच्या साहाय्यानें, सरळ रेषेंतच न्यावा लागे. २००२ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंत योएल फिंक यांच्या मंडळींनीं तंतूच्या मधोमध कांहींच ठेवलें नाहीं. पोकळ नळीच्या आंतून त्यांनीं आर्सेनिक व सेलेनियम यांची काच आणि प्लॅस्टिक यांचे थरावर थर देऊन आरसा केला. आर्सेनिक म्हणजे आपल्या सोमलांतलें द्रव्य. वडील मंडळी नांवानेंच दचकतील! पण ही नळी वाकते. त्यामुळें घशाच्या आड दडलेल्या, सरळ नजरेस न येणाऱ्या गांठीपर्यंतहि लेसर नेतां येतो.