वेळापत्रक कां मोडतें?

जून महिन्यांत कॉलेजें उघडलीं कीं घरोघरच्या भिंतींवर नवीं वेळापत्रकें दिसूं लागतात. पट्टीनें आंखलेल्या रेघा, तांबड्या-निळ्या शाईंत विषयांचीं नांवें. पहाटे पांचापासून रात्रीं अकरापर्यंत एकहि अर्धा तास मोकळा नाहीं. चार दिवस सारें यथासांग चालतें. पांचव्या दिवशीं पाहुणे येतात किंवा डोकें दुखतें. एक तास चुकतो, त्याचें ओझें पुढल्या तासावर पडतें, आणि आठवड्याअखेर तें सुंदर पत्रक केवळ भिंतीची शोभा होऊन राहतें. अभ्यास बुडतो तो बुडतोच. पण आपल्या अंगीं निश्चयच नाहीं अशी जी समजूत त्या विद्यार्थ्याच्या मनांत घर करते, तिची हानि फार मोठी आहे. वास्तविक अशा वेळीं दोष बहुधा विद्यार्थ्याचा नसून पत्रकाचा असतो.

आधीं साधा हिशेब पाहावा. आठवड्याचे तास १६८. डोंबिवलीहून मुंबईस कॉलेजांत जाणारी एखादी विद्यार्थिनी समजा. रोज आठ तास झोप धरली तर ५६ तास गेले. सहा दिवस पांच पांच तास कॉलेज, म्हणजे ३०. जाण्यायेण्यास रोज तीन तास, म्हणजे १८. स्नान, जेवण इत्यादिकांस रोज तीन तास, म्हणजे २१. एकूण १२५ झाले आणि उरले ४३; दिवसास सुमारें सहा. यांतच घरकाम, व्यायाम, मैत्रिणी आणि हातांतला मोबाईल. भिंतीवर मात्र रोज दहा तास अभ्यास लिहिलेला! तेव्हां पत्रक आंखण्यापूर्वीं एक आठवडा आपला वेळ कोठें जातो याचा जमाखर्च प्रामाणिकपणें लिहावा.

हिशेब ठेवूनहि अंदाज चुकतो, आणि त्याचें कारण मनुष्यस्वभावांत आहे. डॅनियल काहनेमन व एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, कामास किती काळ लागेल हें ठरवितांना मनुष्य मागील अनुभव बाजूस सारतो व सर्व कांहीं सुरळीत पार पडेल असें गृहीत धरतो. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत ३७ विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असें विचारलें होतें. सरासरी उत्तर सुमारें ३४ दिवसांचें आलें. प्रत्यक्षांत ५५ हून अधिक दिवस लागले. सारेंच बिनसलें तर किती लागतील, हा त्यांचा अंदाजसुद्धां सुमारें ४९ दिवसांचाच होता! म्हणून मागल्या वेळीं एका प्रकरणास तीन तास लागले असतील, तर पत्रकांत तीनच लिहावेत. आशेचे दोन लिहूं नयेत. शिवाय आठवड्यांतील एखादी संध्याकाळ मुद्दाम कोरी ठेवावी. पाहुणे, ताप, रखडलेली गाडी यांचें देणें त्या वेळांतून फिटतें आणि बाकीचें पत्रक शाबूत राहतें.

उरलेल्या तासांची वांटणी कशी करावी, हा पुढला प्रश्न. हरमान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचें मोजमाप केलें व तें १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. प्रथम विसरण्याचा वेग फार असतो, पुढें तो मंदावतो. आणि एका बैठकींत पुष्कळ घोकण्यापेक्षां तीच उजळणी निरनिराळ्या दिवशीं केल्यास श्रम वांचतात, असें त्यास आढळलें. अमेरिकेंत रोडिगर व कार्पिकी यांनीं २००६ सालीं आणखी एक गोष्ट दाखविली. एका गटानें एक उतारा चार बैठकींत वाचला. दुसऱ्यानें एका बैठकींत वाचून पुढील तीन बैठकींत तो न पाहतां आठवून लिहिला. आठवड्यानंतर पहिल्या गटास सुमारें ४० टक्के आठवलें, दुसऱ्यास ६१ टक्के. तात्पर्य, शिकलेला भाग त्याच रात्रीं, मग दोन-तीन दिवसांनीं व मग आठवड्यानें पुस्तक मिटून आठवावा. या उजळणीस थोडीं मिनिटें पुरतात. पण पत्रकांत तिला जागा हवी.

बैठक किती लांब असावी? पूर्वीं मंगलकार्याची वेळ घटिकापात्रानें मोजीत. तळास बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यांत सोडली कीं ती भरून बुडावयास २४ मिनिटें, म्हणजे एक घटिका लागे. इटलींतील फ्रांचेस्को चिरिल्लो यानें विद्यार्थिदशेंत, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, अभ्यासासाठीं जें माप ठरविलें तें २५ मिनिटांचें: तेवढा वेळ एकच काम, मग पांच मिनिटें विसांवा. घटिकाभर मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवणें कोणासहि अशक्य नाहीं.

इतकें केल्यावरहि एक गोष्ट विद्यार्थ्याच्या हातीं नसते. भारत सरकारच्या २०१९ सालच्या कालविनियोग पाहणींत असें दिसलें कीं, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं रोज सरासरी २९९ मिनिटें त्यांत जात होतीं, पुरुषांचीं ९७. हे आंकडे केवळ विद्यार्थिनींचे नाहींत. परंतु भाऊ पुस्तक घेऊन बसला असतां बहिणीस मात्र "जरा इकडे ये" अशी हांक किती वेळां पडते, हें ज्यानें त्यानें आपल्या घरीं मोजून पाहावें. डोंबिवलीच्या त्या मुलीचे सहा तास अशा हांकांनींच तीनावर येतात. तिच्या पत्रकाची एक प्रत स्वयंपाकघरांतहि लावावी, आणि त्यांतील वेळ घरांतल्या सर्वांनीं पाळावा.